दोरी आणि तार

वासुदेवाचा उजवा हात 96 व्या फोटोला मोडला. चिपळ्या वाजवायला तो वर न्यायचा होता. कोपरातली तार आतल्या आत तुटली आणि हात अंगरख्याच्या बाहीत लोंबायला लागला. पंचवटीतल्या मावशीच्या घराची मागची खोली, खिडक्यांना काळं कापड, दोन दिवे, टेबलावर प्लाय आणि पुठ्ठ्याची तीन मजली इमारत, तिच्या फाटकाशी नऊ इंचांचा वासुदेव आणि त्याच्यासमोर काळा शर्ट घातलेला मी. शर्ट काळाच लागतो. पांढऱ्या कपड्यावरून उजेड परततो आणि आपण पाऊलभर सरकलो तरी बाहुलीच्या चेहऱ्यावरची सावली बदलते.

मावशी दारात उभी होती. बत्तीस वर्षं तिने शाळाशाळांतून बाहुलीनाट्याचे प्रयोग केले. हातमोज्याच्या बाहुल्या, काठीच्या बाहुल्या, दोरीच्या बाहुल्या. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा ते थांबलं. तिच्या तीन पत्र्याच्या ट्रंका अजून याच खोलीत आहेत आणि माझं सामान त्यांच्यावरच पसरलेलं असतं. खोली देताना तिने एकच अट घातली होती, "जे दिसेल त्यावर मी बोलणार. गप्प बस म्हणायचं नाही." चार महिने आम्ही बोलतो आहोत. भांडतो आहोत म्हटलं तरी चालेल. त्या संध्याकाळचं बोलणं मात्र मी रात्रीच लिहून काढलं, कारण तिचं म्हणणं मला पटत नव्हतं आणि डोक्यातून जातही नव्हतं.

"काय रे?"

"हात गेला, मावशी."

"मग आता?"

"उद्या नवा हात बसवायचा आणि शॉट पहिल्यापासून घ्यायचा. दोन दिवसांचं काम होतं."

ती आत आली, टेबलाला धक्का लागू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेने. ट्रंकेवरचा माझा पक्कड-हातोडीचा डबा उचलून बाजूला ठेवला आणि बसली.

"त्र्यंबककडच्या एका शाळेत भर प्रयोगात माझ्या राजाच्या मनगटाची दोरी तुटली होती. हात असा खाली पडला. मी राजाच्या तोंडून म्हटलं, लढाईत दुखावलाय रे हात. पहिल्या रांगेतली एक मुलगी उठून पुढे आली आणि त्या हातावर फुंकर घालायला लागली. मग दुसरी आली. मग रांगच लागली. नाटकात हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पुढच्या प्रयोगांत मी तो हात मुद्दाम पाडून पाहिला, पण तशी फुंकर पुन्हा कुणी घातली नाही. आता तुझ्या वासुदेवाचा हात मोडला. तू काय करणार? झालंच नाही असं करणार."

"माझ्यापुढे पहिली रांग नसते ना."

"तेच म्हणतेय मी."

मी तिला पुन्हा एकदा हिशोब सांगितला. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी जातात. प्रत्येक फोटो दोन चौकटींना वापरला तर सेकंदाला बारा फोटो लागतात, म्हणजे बाहुली बारा वेळा हलवायची. चार मिनिटांची फिल्म म्हणजे 2,880 फोटो. दिवस चांगला गेला तर माझे चार-पाच सेकंद होतात. हात तुटला तो 95 व्या आणि 96 व्या फोटोच्या मध्ये, सेकंदाच्या बाराव्या भागात. बघणाऱ्याला तिथे दुखापत दिसणार नाही, फिल्ममध्ये खोट आहे एवढंच वाटेल.

"दुखापत दाखवायची तर तिची आधीपासून तयारी लागते," मी म्हणालो. "हात जड होताना दिसला पाहिजे, खांदा आधी उतरला पाहिजे. अपघात जसाच्या तसा कामाला येत नाही."

"म्हणजे तुझ्याकडे अचानक काही घडूच शकत नाही."

"असं नाही. उलट यात मागे जाता येत नाही. चित्रांच्या अॅनिमेशनमध्ये आधी मुख्य चित्रं काढतात आणि मधली नंतर भरतात. बाहुलीचं तसं होत नाही. पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत सरळ चालत जावं लागतं. 40 व्या फोटोला वाटलं की 20 व्याला मान जास्त वळली, तर ती वळलेलीच राहते. मग 41 व्यापासून त्या वळलेल्या मानेचं काहीतरी करावं लागतं. तुझ्यासारखाच प्रयोग आहे हा मावशी, फक्त दोन दिवस चालणारा."

"दोन दिवस श्वास धरून कोण बसतं?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं तर मी धरतोच श्वास. बाहुलीला हात लावतानाचा तो अर्धा क्षण.

तिने वासुदेव जवळून बघायला मागितला. शॉट गेलाच होता, म्हणून मी टेबलाखाली जाऊन त्याच्या पायांचे स्क्रू सोडले. प्रत्येक तळपायात एक नट बसवलेला असतो आणि टेबलाला भोकं पाडलेली असतात. पाऊल टेकलं की खालून स्क्रू आवळायचा, उचलायचं असेल तेव्हा सोडायचा. एका पावलाला दोनदा टेबलाखाली वाकावं लागतं. वासुदेव तिच्या मांडीवर दिला आणि बाही मागे सारून तुटलेली जागा दाखवली.

आत अॅल्युमिनियमची तार आहे. दोन पदर घेऊन एक टोक ड्रिल मशीनमध्ये धरलं आणि पीळ घातला की ती एकेरी तारेपेक्षा जास्त टिकते. हाडं जिथे हवीत तिथे तारेवर एम-सील चढवायचं आणि कोपर, गुडघा, मनगट उघडं सोडायचं. वर स्पंज, त्यावर कापड. तरीही तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकली की आतून थकते आणि न सांगता तुटते. मोठ्या स्टुडिओंत स्टीलच्या गोळी-वाटीच्या सांध्यांचे सांगाडे वापरतात. ते मला परवडत नाहीत, म्हणून मी प्रत्येक बाहुलीचे चार जादा हात करून ठेवतो.

कापडाचाही प्रश्न होता. फिल्ममधल्या आजीच्या बाहुलीला मी आधी नव्या सुती साडीचा तुकडा नेसवला. कॅमेऱ्यात तो पोत्यासारखा दिसला, कारण नऊ इंचांच्या बाईच्या अंगावर साध्या साडीचं सूत दोरखंडाएवढं वाटतं. शेवटी मावशीनेच तिच्या सासऱ्यांचं धुऊन धुऊन विरलेलं धोतर दिलं. त्याचं नऊवारी झालं. निऱ्या बसाव्यात म्हणून काठात केसाएवढी बारीक तार घातली.

मावशीने वासुदेव उचलून हवेत धरला. तो हवेतही तसाच उभा राहिला, गुडघ्यात किंचित वाकलेला, डावा हात पुढे. तिने त्याला हलकेच झुलवलं.

"हा लोंबत नाही रे."

"लोंबला तर माझं काम संपलं. मी हात काढला की तो तिथेच थांबला पाहिजे."

तिने मधली ट्रंक उघडली. जुन्या चादरीत गुंडाळलेली दोरीची बाहुली काढली, पांगाऱ्याच्या लाकडाचं डोकं, कापडाचे सांधे. पायात वाळूच्या पुरचुंड्या शिवलेल्या. दोऱ्या बांधलेली फळी हातात घेऊन तिने बाहुली ट्रंकेच्या झाकणावर उभी केली. मनगट जरासं वळवलं असेल, तेवढ्यानं बाहुलीने मान उचलून माझ्याकडे बघितलं. मी तिला लहानपणापासून ओळखतो, तरी मी मागे सरकलो.

"निम्मं काम वजन करतं," ती म्हणाली. "मी फक्त वर उचलते, खाली तिची तीच येते. पाय पडतो तो पृथ्वीच्या ओढीने पडतो, माझ्या बोटाने नाही. म्हणून तो खरा दिसतो. तुझ्या बाहुलीला खाली कोण आणतं?"

हा प्रश्न माझ्या कामाच्या मुळाशी आहे. माझ्या वासुदेवाचं वजन जेमतेम दोनशे ग्रॅम. तो आवळलेल्या स्क्रूवर उभा असतो, पडूच शकत नाही, म्हणून त्याच्यात जडपणा दिसत नाही. तो मला दाखवावा लागतो. पाऊल उचलण्याआधी कंबर दुसऱ्या पायावर सरकवायची, पाऊल टेकलं की एक फोटोभर गुडघा दबवायचा, मग सरळ करायचा. हात वर जाताना सुरुवातीला दोन-दोन मिलिमीटर, मध्ये सात-आठ, वर पोचताना पुन्हा दोन. अंतरं सारखी ठेवली की हात यंत्रासारखा जातो. "तुला जे पृथ्वी देते ते मी पट्टी लावून मोजतो," मी म्हणालो.

"मग पट्टीच लावायची तर कॉम्प्युटरवरच का करत नाहीस?"

हे तिने याआधीही विचारलं होतं. कॉम्प्युटर मला दोन स्थितींमधल्या हालचाली भरून देतो. मला त्या कुणी भरून दिलेल्या नको आहेत. शिवाय धोतराच्या नऊवारीवर खरा दिवा पडतो तेव्हा जी सावली येते, ती मी कल्पनेने काढली नसती. यावर ती फार बोलली नाही. कापडाची बाजू घेतली की ती माझ्याकडे येते.

पण पिंगुळीचा विषय निघाला की ती परत जाते. कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाचे कलाकार पिढ्यान्‌पिढ्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी जपत आले. परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली तेव्हा मावशीने गल्लीत पेढे वाटले होते. तरुणपणी ती तिथे काही दिवस राहून आली होती आणि आजही सांगते की दोऱ्या कशा धरायच्या ते तिथे बघून कळलं.

"आणि आपल्या भाषेने काय केलं बघ," ती म्हणाली. "एखादा मुख्यमंत्री दुसऱ्याच्या सांगण्यावर चालला की पेपरवाले लिहितात, कळसूत्री बाहुली. म्हणजे जिला स्वतःचं काही नाही ती. अरे, ज्यांनी कधी दोरी धरली नाही त्यांनी काढलेला शब्दार्थ आहे तो. दोरीतून मला तिचं कळतं. ती कुठे अडकली, कुठे तिला जायचं नाही, ते माझ्या बोटाला कळतं. ओढ दोन्हीकडून असते."

मी तिला यिर्झी त्रंकाची "द हँड" दाखवली होती. त्रंका हा चेक बाहुलीपटांचा सगळ्यात मोठा माणूस, आणि 1965 सालची ही त्याची शेवटची फिल्म. एक साधा कलाकार आपल्या गुलाबाच्या रोपासाठी मातीची कुंडी घडवत असतो. एक भलामोठा हात येतो आणि त्याला कुंडी सोडून हाताचाच पुतळा घडवायला सांगतो. तो नकार देतो. शेवटी हात त्याला सोन्याच्या पिंजऱ्यात कोंडतो, त्याच्या अंगाला दोऱ्या बांधतो आणि दोऱ्या ओढून पुतळा करवून घेतो. तो हात बाहुलीचा नाही, हातमोजा घातलेला खऱ्या माणसाचा हात आहे. 1969 मध्ये त्रंका गेला आणि त्यानंतर त्याच्या देशात या फिल्मवर बंदी आली.

"ती फिल्म बघून मला झोप लागली नाही," मावशी म्हणाली. "पण मला त्याच्याशी भांडायचं होतं. दोरी म्हणजे गुलामी असं का दाखवलं?"

"तो त्याच्या सरकारबद्दल बोलत होता, मावशी."

"ते कळलं मला. पण त्यालासुद्धा सगळ्यात वाईट गोष्ट दाखवायला बाहुलीवाल्याचा हातच सापडला."

यावर मी सांगितलं ते मला आजही खरं वाटतं. त्रंकाच्या बाहुलीचा चेहरा बदलत नाही. भुवया हलत नाहीत, ओठ हलत नाहीत. दिवा जरा खाली आणला, मान दोन अंश वळवली की तोच रंगवलेला चेहरा घाबरलेला दिसतो. ही शिकवण त्याने पडद्यावर आणली ती चेक बाहुलीनाट्यातूनच. तिथेही लाकडी चेहरा एकच असतो. म्हणजे तो दोरीच्या विरोधात नव्हता, त्या घरातूनच आला होता.

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. ट्रंकेवर उभी असलेली बाहुली तिने दिव्याकडे वळवली. चेहरा बदलला. पुन्हा अंधाराकडे. पुन्हा बदलला. बराच वेळ ती तेच करत राहिली.

तात्या विंचू मात्र तिचा हुकमाचा एक्का. "झपाटलेला" 1993 चा. रामदास पाध्यांनी केलेली ती बाहुली बघून त्या वर्षी आमच्या घरातली सगळी मुलं रात्री आईच्या कुशीत झोपली होती, त्यात मीही होतो. मावशीचं म्हणणं असं की ती भीती जिवंत हाताची होती. लक्ष्मीकांत बेर्डे समोर होता तेव्हा बाहुलीही त्याच क्षणी त्याच्याकडे बघत होती, आणि एकाने दुसऱ्याला उत्तर दिलं होतं. "तुझ्या फिल्ममध्ये वासुदेव हाक देतो आज आणि आजी ऐकते तीन आठवड्यांनी. कसं जुळणार?"

तिचा मूळ आक्षेप कथेवरच होता. पहाटे वासुदेव एका इमारतीखाली येतो. फाटक बंद, खिडक्या बंद, एसीचे पंखे फिरतायत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजीला तेवढं ऐकू येतं. ती सुपात धान्य घेऊन जिना उतरते, आणि खाली येते तोवर वासुदेव पुढच्या इमारतीशी गेलेला असतो. "तू यांची भेट होऊ देत नाहीस," मावशी म्हणायची. मी म्हणायचो की भेट न होणं हीच गोष्ट आहे. तिच्यामते मी दोन बाहुल्या एका चौकटीत आणायला घाबरतो, कारण मग प्रत्येक फोटोला दोघांनाही हलवावं लागेल. हे काही प्रमाणात खरं होतं.

त्या रात्री मी तिला फाळक्यांच्या बाजूने समजावून पाहिलं. नाशिककराला फाळक्यांचं नाव सांगितलं की तो ऐकतोच. "राजा हरिश्चंद्र" 1913 चा. त्याच्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि दिवसामागून दिवस एकेक चौकट घेत गेले. पडद्यावर अंकुर डोळ्यांदेखत वाढला, आणि सिनेमाला पैसे लावणाऱ्याला तो दाखवून त्यांनी विश्वास मिळवला. पुढे त्यांनी आगकाड्यांनाही हलवलं, "आगकाड्यांची मौज" नावाने.

"वाटाण्याला त्यांनी हात लावला नाही," मावशी लगेच म्हणाली. "तो आपला आपण वाढला. फाळके फक्त थांबले. मला ते आवडतं. माझी बाहुली पृथ्वीच्या ओढीने खाली येते, त्यांचा वाटाणा त्याच्या जिवाने वर जातो. तूच एकटा आहेस ज्याला सगळं स्वतःलाच करावं लागतं."

"सगळं नाही होत माझ्याकडून."

मी लॅपटॉपवर आधीच्या आठवड्याचा एक शॉट लावला. वासुदेव फाटकासमोर चालत येतो. त्याच्या टोपीला खरी मोरपिसं आहेत, लांडोरीच्या पिल्लाएवढ्या उंचीच्या बाहुलीला शोभतील अशी कातरून लावलेली. प्रत्येक फोटोआधी मान धरताना माझं बोट पिसांना लागतं आणि त्यातले बारीक तंतू वेगळ्या बाजूला झुकतात. पडद्यावर ती टोपी सतत थरथरते, वारा नसताना. 1933 च्या "किंग काँग"मध्येही असंच आहे. तो अठरा इंचांचा सांगाडा सशाच्या फरने मढवलेला होता आणि हलवणाऱ्याच्या बोटांमुळे फर चौकटीचौकटीला विस्कटत होती. पडद्यावर ते रागाने अंगावर आलेल्या काट्यासारखं दिसतं.

"पिसं गोंदाने चिकटवून टाक, असं मला दोघांनी सांगितलं," मी म्हणालो. "मी नाही चिकटवली. माझा हात तिथे दिसतो, मावशी. तुझा हात फळीच्या वर लपलेला असतो. माझा प्रत्येक चौकटीत असतो."

तिने तो शॉट पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. चौथ्यांदा बघताना ती पुढे वाकली.

"टोपी जिवंत आहे," ती म्हणाली. "माणूस नाही. कारण सांगू? तो चालत येतो, थांबतो आणि लगेच हात उचलायला लागतो. वासुदेव असा येत नाही. आधी तो वर बघतो. कुठली खिडकी उघडी आहे, कुठे दिवा आहे. हात नंतर. बाहुलीचा जीव हातात नसतो, ती कुठे बघते त्यात असतो. माझ्याकडे शिकणाऱ्या मुलींना मी पहिल्या वर्षी दोरी हातात देतच नव्हते. नुसती मान धरायची आणि खोलीतली एक वस्तू बघायची. बघितल्यावर छातीत श्वास घ्यायचा. मग काय करायचं ते करा."

"श्वास कसा दाखवू? छातीत तार नाही त्याच्या."

"खांदे."

मी खांद्यांना हात लावून बघितलं. तार तिथपर्यंत जात होती. दीड मिलिमीटर वर, तीन फोटो. तिथे थांबायचं. मग हळूहळू खाली, पाच फोटो.

"आणि बघतो किती वेळ?" मी विचारलं.

ती स्वतः उठली. टेबलापासून हातभर लांब उभी राहिली, पुठ्ठ्याच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याकडे मान वर केली आणि काही बोलली नाही. मी मोबाइलवर वेळ लावला. दोन सेकंदांच्या थोडं पुढे तिचे खांदे उचलले गेले. म्हणजे सव्वीस फोटो नुसतं बघण्यात जाणार होते. सव्वीस फोटो ज्यांत बाहुली जवळजवळ हलत नाही. यात सगळ्यात अवघड तेच असतं. पूर्ण थांबवली तर ती लगेच वस्तू होते. दर दोन-तीन फोटोंना मान केसभर सरकवत राहावी लागते.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. पावसात लाकूड रात्रीत फुगतं आणि अर्धवट सोडलेला शॉट सकाळी पुढे नेला की इमारत एक उडी मारते. त्या रात्री काही अर्धवट नव्हतं, म्हणून मला निर्धास्त झोप लागली असती. मी नवा हात बसवला, बाही टाचली आणि दिवे बंद केले. मावशीने वासुदेव मागून घेतला.

"याला असंच ठेवते," ती म्हणाली. दोन बोटांनी तिने त्याची मान उचलली, थोडी डावीकडे वळवली, जणू वरच्या मजल्यावर कुणीतरी हललंय. तिची दोरीची बाहुली तोवर ट्रंकेवर चारी अवयव पसरून पडली होती. तिच्या शेजारी वासुदेव तिने झाकणावर उभा टेकवला.

सकाळी सातला मी आलो तेव्हा दोघं तशीच होती, एक पडलेली आणि एक वर बघत. मी वासुदेव उचलला, टेबलाखाली जाऊन पायांचे स्क्रू आवळले. मान सरळ करायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. दिवे लावले. मावशी चहाचे कप घेऊन दाराशी उभी होती, आत न येता. मी पहिला फोटो घेतला.